ब्रूनोच्या खुब्याचा एक्स-रे: शस्त्रक्रियेला हो म्हणण्याआधी

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. ब्रूनो ११ महिन्यांचा नर लॅब्रॅडॉर, वजन ३८ किलो. सहाव्या-सातव्या महिन्यापासून पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे जोडीने टाकतो, बसल्यावर उठायला वेळ लावतो, चालताना कमरेत डुलतो. एक्स-रे काढला. पहिल्या डॉक्टरांनी हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा ढिला राहून नीट न बसण्याचा आजार), तोही सिव्हिअर, असं सांगून उजव्या बाजूची शस्त्रक्रिया लगेच करायला सांगितली. दुसऱ्या डॉक्टरांनी तीच फिल्म बघून ‘थोडे ढिले आहेत, वाट बघा’ म्हटलं. ब्रीडर म्हणतो, आईबापांचे केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद आहेत, असं होणं शक्यच नाही. आणि जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय, की गेल्या तीन आठवड्यांपासून तो उजवा मागचा पाय नुसता टोकावर टेकवतो, कधी कधी उचलूनच धरतो. तुम्हाला हवंय ते एवढंच: दोघांपैकी बरोबर कोण, शस्त्रक्रिया करायची का, आणि पुढे त्याचं मेटिंग करता येईल का.

त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्याकडे मी परत येणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. आधी फिल्म. लाइट बॉक्सवर लावलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो बघून मी निदान करणार नाही, कुणीच करू नये. पण फिल्म कशी काढली गेली, हे त्या फोटोतही स्पष्ट दिसतंय, आणि दोन डॉक्टरांची दोन मतं का पडली याचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

खुब्याची फिल्म हातात आली की पहिली दोन मिनिटं मी खुब्याकडे बघतच नाही. कुत्रं टेबलावर सरळ झोपवलं होतं का, हे आधी बघते. पेल्व्हिसच्या, म्हणजे कमरेच्या हाडाच्या, खालच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक लंबगोल भोक दिसतं. ती दोन्ही भोकं सारख्या आकाराची हवीत. वरच्या बाजूला पसरलेले हाडाचे दोन पंख सारख्याच रुंदीचे हवेत. मांडीची हाडं एकमेकांना समांतर हवीत, आणि गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या बरोबर मधोमध दिसायला हवी. चोवीस वर्षं हे काम करतेय, तरी आजही पारदर्शक पट्टी ठेवून दोन्ही भोकांची रुंदी मोजते. डोळा फसतो, विशेषतः संध्याकाळी सातच्या सुमाराला, बाहेर बाकावर पाच जण ताटकळत बसलेले असताना.

ब्रूनोच्या फिल्मवर डावीकडचं भोक उजवीकडच्यापेक्षा उघड उघड अरुंद आहे. मांड्या खाली फाकत गेल्यात. आणि फिल्म गुडघ्याच्या वरच कापली गेलीय, त्यामुळे वाट्या कुठे आहेत ते दिसतच नाही. पेल्व्हिस एवढा कलला, की एका बाजूचा खुबा आहे त्यापेक्षा खोल दिसतो आणि दुसरा आहे त्यापेक्षा उथळ. त्यामुळे ‘उजवा जास्त खराब’ हे विधान या फिल्मवरून कुणालाच करता येणार नाही. उजवा खरंच जास्त खराब असेलही. पण तो तसा दिसतोय यात हाडाचा भाग किती आणि टेबलावर कुत्रं कललं होतं त्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

दुसरी गोष्ट भुलीची. तुम्ही लिहिलंय, की भूल दिली नव्हती, तुम्ही आणि कंपाउंडर दोघांनी मिळून धरलं होतं. जागं कुत्रं उताणं करून मागचे पाय ताणले की ते मांडीचे आणि ढुंगणाचे स्नायू घट्ट आवळतं. आवळलेले स्नायू हाडाचा गोळा खोबणीत दाबून धरतात, आणि ढिला खुबा फिल्मवर बरा दिसतो. म्हणजे एकाच फिल्ममध्ये कलण्यामुळे एक बाजू वाईट दिसतेय, आणि भूल नसल्यामुळे कदाचित दोन्ही बाजू आहेत त्यापेक्षा चांगल्या दिसताहेत. अशा फिल्मवर दोन अनुभवी माणसांचं एकमत होत नसेल तर त्यात नवल नाही. दोघांपैकी कुणालाही मी चूक म्हणणार नाही.

भुलीची भीती मला माहीत आहे. ‘एवढ्याशा एक्स-रेसाठी कशाला?’ हे आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. रक्त तपासून, हृदय ऐकून, उपाशीपोटी आणलेल्या तरुण कुत्र्याला थोड्या वेळाची गुंगी देणं हे रोजचं काम आहे. शिवाय धरणाऱ्यांचे हात किरणांखाली जात नाहीत, हा फायदा तुमचा आणि त्या कंपाउंडरचा. तो बिचारा दिवसातून दहा कुत्री धरतो.

आता खुब्यात नेमकं बघतात काय, ते सांगते. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोल गोळा असतो आणि तो पेल्व्हिसमधल्या खोबणीत बसतो, हा उखळीचा सांधा. डिस्प्लेसिया होणारं पिल्लूही जन्मतं तेव्हा त्याचे खुबे ठीकच असतात. पुढच्या काही आठवड्यांत सांध्याभोवतीची बंधनं त्या गोळ्याला धरून ठेवायला कमी पडतात. गोळा हलायला लागतो, पावलागणिक खोबणीच्या काठावर घासतो, काठ बोथट होतो, खोबण उथळ होत जाते आणि शरीर सांधा सावरायला कडेकडेने नवं हाड घालत राहतं. म्हणून फिल्मवर दोन वेगवेगळ्या गोष्टी शोधायच्या असतात, ढिलेपणा आणि झीज. तरुण कुत्र्यात पहिली सापडते, वयस्करात दुसरी. रिपोर्टमध्ये दोन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

ढिलेपणासाठी मी तीन गोष्टी बघते. गोळ्याचा निदान अर्धा भाग खोबणीच्या वरच्या काठाखाली झाकलेला आहे का. गोळा आणि खोबण यांच्यातली फट सगळीकडे सारखी आहे, की आतल्या बाजूला पाचरीसारखी रुंद होत गेलीय. आणि नॉरबर्गचा कोन: दोन्ही गोळ्यांचे मध्यबिंदू एका रेषेने जोडायचे, मग प्रत्येक मध्यबिंदूपासून खोबणीच्या पुढच्या काठापर्यंत दुसरी रेषा काढायची आणि मधला कोन मोजायचा. १०५ अंश किंवा जास्त असेल तर साधारण ठीक मानतात. हा आकडा सगळ्या जातींना सारखा लागू होत नाही. आणि फिल्म कललेली असेल तर कोन एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो, म्हणून तुमच्या फिल्मवर मी तो मोजलेलाच नाही.

झीज शोधायला गोळ्याखालची मान बघायची. तिथे उभी, ठळक पांढरी रेघ दिसली तर ती मॉर्गन लाइन, पुढे येणाऱ्या संधिवाताची सुरुवातीची खूण. गोळ्याभोवती कॉलरसारखं हाड, चपटा झालेला गोळा, जाड मान या नंतरच्या खुणा. ब्रूनोच्या उजव्या मानेवर एक पुसट, धुरकट रेघ दिसतेय, आणि माझा अंदाज आहे की पहिल्या डॉक्टरांनी ‘आर्थ्रायटिस सुरू झालाय’ म्हटलं ते तिच्यावरून. दीड वर्षाच्या आतल्या कुत्र्यांमध्ये अशी पुसट रेघ निरुपद्रवी असू शकते, तिला पपी लाइन म्हणतात. मॉर्गन लाइन खिळ्याने ओरखडा काढावा तशी धारदार असते, ही खडूचं बोट फिरवल्यासारखी. फोटोवरून मी खात्रीने सांगू शकत नाही. पण ती धारदार नाही, एवढं नक्की.

तर आत्तापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: आतल्या बाजूची फट दोन्हीकडे मला रुंद वाटते, म्हणजे ब्रूनोचे खुबे ढिले असण्याची शक्यता बरीच आहे. लक्षणंही तेच सांगतात. मात्र ते किती ढिले आहेत, कुठला जास्त आहे आणि झीज सुरू झालीय का, याचं उत्तर या फिल्ममध्ये नाही.

‘सिव्हिअर’ आणि ‘थोडे’ या शब्दांबद्दलही सांगायला हवं. जगात खुबे मोजायच्या चार-पाच पद्धती आहेत आणि प्रत्येकीची भाषा वेगळी. अमेरिकेत १९६६ साली ओएफए ही प्राण्यांच्या हाडांचे दाखले देणारी संस्था सुरू झाली, तिथे एक्सलंटपासून सिव्हिअरपर्यंत सात पायऱ्या आहेत आणि अंतिम दाखला २४ महिन्यांनंतरच मिळतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेची पद्धत ए ते ई अशी, किमान वय बहुतेक जातींना १२ महिने. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण देतात, दोन्हींचे मिळून १०६, आणि जितके जास्त तितका खुबा वाईट. म्हणून कुणी नुसतं ‘सिव्हिअर’ म्हटलं की मी विचारते, कुठल्या पद्धतीने? ११ महिन्यांच्या कुत्र्याला यांपैकी कुठलीच पद्धत अंतिम श्रेणी देत नाही.

या सगळ्या पद्धती पाय ताणून काढलेल्या फिल्मवर चालतात, आणि त्यात एक अडचण आहे. पाय ताणले की सांध्याचं आवरण पिळलं जातं, ओला पंचा पिळावा तसं, आणि गोळा आत ओढला जातो. ढिलेपणा त्यामुळे लपतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गेल स्मिथ यांनी हे दाखवून दिलं आणि पेनहिप नावाची पद्धत तयार केली. तिच्यात भूल देऊन गोळा हलकेच बाहेर ओढून फिल्म काढतात आणि तो किती सरकला ते आकड्यात मांडतात. ०.३० पेक्षा कमी असेल तर पुढे संधिवात व्हायची शक्यता फार कमी. जितका आकडा १ कडे जाईल तितका खुबा ढिला. हे १६ आठवड्यांच्या पिल्लातही करता येतं. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर लागतो आणि तो सगळीकडे मिळत नाही.

पण एक तपासणी अशी आहे जिला फक्त गुंगी आणि हात लागतात, ऑर्टोलानी. कुत्रं गुंगीत असताना गुडघा मुठीत धरायचा आणि मांडीचं हाड पाठीच्या दिशेने दाबायचं. ढिला गोळा काठावरून वर सरकतो. दाब तसाच ठेवून पाय हळूहळू बाहेर उघडायचा. एका क्षणी गोळा परत खोबणीत पडतो आणि तळहाताला ‘टक्’ लागतं. आवाज फार नसतो, हाताला कळतं. तो टक् स्वच्छ आणि एकदम आला तर काठ अजून शाबूत आहे. घरंगळल्यासारखा, खरखरत आला तर काठ झिजलाय. एक्स-रेसाठी गुंगी द्यायचीच आहे, तर त्याच वेळी ही तपासणी करायला सांगा. मी अंतिम मत देताना फिल्मइतकाच या हाताच्या निरोपाला मान देते.

आता फिल्म बाजूला ठेवू. काही वर्षांपूर्वी बारामतीजवळच्या एका मळ्यातून नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड आणला होता, मक्याचं कणीस गिळलं म्हणून. पोटाचा एक्स-रे काढला, कणीस दिसलं, आणि खाली कोपऱ्यात दोन्ही खुबे दिसले. गोळे चपटे, आळंबीच्या छत्रीसारखे, भोवती नव्या हाडाचे थर. मी मालकांना विचारलं, हा चालतो कसा? ते म्हणाले, ‘मॅडम, दिवसभर ट्रॅक्टरच्या मागं असतो की.’ माझा विश्वास बसेना म्हणून त्यांनी आवारात पळवूनच दाखवला. सडपातळ, मांड्या दगडासारख्या. तो खरंच पळत होता. फिल्म आणि दुखणं एका मापाने चालत नाहीत हे कॉलेजात शिकले होते, त्या दिवशी ते डोळ्यांनी बघितलं.

आणि उलटंही होतं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एक तरुण रॉटवायलर आला होता, मागच्या पायाने लंगडत. फिल्मवर खुबे ढिले दिसले, मी डिस्प्लेसिया लिहून मोकळी झाले, दोन महिने दुखण्याच्या गोळ्या दिल्या. पाय वाळत गेला. शेवटी गुडघा नीट तपासला तेव्हा आतलं लिगामेंट तुटलेलं होतं, पहिल्या दिवसापासूनच असणार. खुबे ढिले होते हे खरं, पण तो लंगडत होता गुडघ्याने. फिल्मवर काहीतरी सापडलं की शोध थांबतो, हे मी तिथे शिकले, आणि त्या कुत्र्याने त्याची किंमत दोन महिने मोजली.

म्हणूनच तुमचं ते वाक्य. निव्वळ खुब्यामुळे त्रास असलेलं कुत्रं सहसा पाय उचलून धरत नाही. दोन्ही खुबे दुखतात, म्हणून ते वजन पुढच्या पायांवर टाकतं, डुलतं, सशासारखं पळतं. पण पाय टेकवतच नाही, तोही एकच आणि तीन आठवड्यांपासूनच, हे वेगळं चित्र आहे. एवढ्या वजनाच्या लॅब्रॅडॉरमध्ये माझ्या डोक्यात पहिलं येतं ते गुडघ्याचं क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारा बंध, तुटलेलं असणं. आणि तुमच्या फिल्ममध्ये नेमका गुडघाच कापला गेलाय.

घरी एवढं बघा: तो बसतो तेव्हा उजवा पाय अंगाखाली नीट मुडपतो, की बाजूला पसरून ठेवतो? दोन्ही गुडघे एकाच वेळी दोन हातांत धरून पाहा, उजवा आतल्या बाजूने जाड लागतो का? डॉक्टरांकडे ड्रॉवर टेस्ट (गुडघ्याखालचं हाड पुढे सरकतं का, हे हाताने बघणं) करायला सांगा, गुंगीत केली तर उत्तम, आणि गुडघ्याची बाजूने फिल्म काढायला सांगा. सांध्यात पाणी झालं असेल तर वाटीखालचा चरबीचा काळसर त्रिकोण पुढे ढकलला गेलेला दिसतो. त्याचबरोबर रक्तात एर्लिकिया हा गोचिडीतून येणारा जंतूही तपासून घ्या. गोचिडतापाने सांधे धरलेली कितीतरी कुत्री आपल्याकडे ‘हिपचा त्रास’ म्हणून हिंडत असतात, आणि तो तपास शस्त्रक्रियेच्या मानाने अगदी स्वस्त आहे.

शस्त्रक्रियेबद्दल. तुम्हाला सुचवलेल्या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचा गोळा आणि मान कापून टाकतात आणि तिथे स्नायूंचा खोटा सांधा तयार होऊ देतात. शस्त्रक्रिया म्हणून ती वाईट नाही. हलक्या कुत्र्यांत फार छान चालते, जड कुत्र्यांत निकाल कमी भरवशाचा. पण ती कधीही करता येते, सहा महिन्यांनी, चार वर्षांनी. कापलेला गोळा मात्र परत बसवता येत नाही, आणि पुढे कृत्रिम खुबा बसवायचा म्हटलं तर वाट जवळपास बंद झालेली असते. पिल्लाच्या वयातली जघनसंधी (पेल्व्हिसच्या दोन बाजू खाली जिथे जुळतात तो जोड) बंद करण्याची शस्त्रक्रिया साधारण पाच महिन्यांच्या आतच उपयोगी, तिची वेळ गेली. पेल्व्हिस कापून खोबणीचा कोन बदलण्याची शस्त्रक्रिया झीज सुरू झालेली नसेल तरच करतात, आणि ब्रूनोच्या वयाला तिची वेळ संपत आलीय. तो मार्ग हवा असेल तर नवी फिल्म या आठवड्यातच काढून हाडांच्या सर्जनचं मत घ्या. नसेल तर घाई करू नका. पाच ते बारा महिन्यांच्या काळात दुखणारी बरीच कुत्री पुढच्या सहा-आठ महिन्यांत सुधारतात, कारण सांध्याचं आवरण जाड होतं आणि मांड्या भरतात. अर्थात दुखणं औषधांनी आटोक्यातच येत नसेल तर गणित बदलतं.

तोवर तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे वजन. ४८ लॅब्रॅडॉरवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास आहे. जोड्या लावून एका भावंडाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणाऱ्यांचे खुबे जास्त चांगले राहिले, संधिवात उशिरा आला, आणि त्यांचं आयुष्य सुमारे पावणेदोन वर्षांनी वाढलं. ब्रूनोने साधारण ३१-३२ किलोवर यावं असं मला वाटतं. नेमका आकडा त्याच्या चणीवर ठरेल, बरगड्या हलक्या हाताने लागायला हव्यात. दूध-पोळीचा काला, चहाबरोबरची बिस्किटं, आजोबांच्या ताटातला घास, हे सगळं मोजून थांबवावं लागेल. आजोबांना मी सांगितलंय म्हणून सांगा.

ब्रूनोला कॅल्शियमचं सिरप देत असाल तर ते आजच बंद करा. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम हाडं बळकट करत नाही, वाढ बिघडवतं. पिल्लांसाठीच्या चांगल्या खाण्यात ते पुरेसं असतं. घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर काथ्याच्या किंवा रबरी चटया टाका आणि नखं कापा. चेंडू फेकणं थांबवा. गळ्यात पट्टा लावून मातीवर किंवा गवतावर थोडं थोडं, दिवसातून तीन वेळा चालवा, पण हे गुडघ्याचा निकाल लागल्यावर. दुखण्यावर आपल्या घरातली गोळी कधीच देऊ नका, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्री दगावलेली आहेत. कुत्र्यांसाठीची वेगळी औषधं आहेत, ती डॉक्टर वजनावर ठरवून देतील.

ब्रीडरच्या म्हणण्याबद्दल: केसीआयचे कागद म्हणजे वंशावळ. आईबापांचे खुबे तपासले होते की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यांना आईबापांच्या खुब्यांच्या फिल्म किंवा दाखले मागा. शिवाय हा आजार एका जनुकाचा नाही. चांगल्या खुब्यांच्या आईबापांनाही ढिल्या खुब्यांचं पिल्लू होऊ शकतं, म्हणून ब्रूनोची भावंडं कशी आहेत हे विचारणं जास्त उपयोगाचं. ब्रूनोचं मेटिंग मात्र करू नका. नवी फिल्म माझ्या अपेक्षेपेक्षा खूप चांगली आली, तरी दोन वर्षं पूर्ण होऊन दाखला मिळेपर्यंत नाहीच. नसबंदी करणार असाल तर वाढ पूर्ण होईपर्यंत थांबा.

पुढच्या एक्स-रेला जाताना डॉक्टरांना स्पष्ट सांगा: गुंगी देऊन, पेल्व्हिसपासून गुडघ्याच्या वाट्यांपर्यंत सगळं एका फिल्ममध्ये, वाट्या मधोमध येतील असे पाय आत वळवून. त्याच गुंगीत ऑर्टोलानी, ड्रॉवर टेस्ट आणि उजव्या गुडघ्याची बाजूने फिल्म. डिजिटल असेल तर मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. सर्जनला दाखवायला तीच लागेल, मोबाइलचा फोटो चालणार नाही. तोपर्यंत ब्रूनोला जिने चढू देऊ नका. लिफ्ट नसेल तर पोटाखालून पंचा घालून मागचं वजन तुम्ही उचला.